लाइन मोकळी होईना

टेलिफोन खात्यात मी बत्तीस वर्षे काढली. शेवटची वर्षे भंडाऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर होतो, म्हणजे ग्राहकांच्या लाइनी तपासण्याच्या टेबलावर. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा लाइनींच्या नोंदवह्या दोन ढिगांत लावण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झालो आणि शहापूरला, महामार्गापासून थोडे आत बांधलेल्या घरात राहायला आलो. घरात मी आणि पत्नी. मुलगी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, जावई तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. मुलगा मस्कतला.

मुलाने सुट्टीवर आलेल्या एका सहकाऱ्याबरोबर एक पेटी पाठवली. तिला गेटवे म्हणतात. आकार जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा. मागे तीन खाचा होत्या: एक ब्रॉडबँडच्या मोडेमकडून येणाऱ्या केबलची, दुसरी टेलिफोनच्या यंत्राची, तिसरी भिंतीतून येणाऱ्या लाइनची. पहिल्या दोन जोडल्या की मुलगा तिकडून इंटरनेटवर बोले आणि आमच्या नेहमीच्या यंत्राची घंटा वाजे. यात गैर काही नव्हते. तिसरी खाच जोडली तर मात्र तो तिकडूनच आमच्या लाइनवर येऊन पुढे देशातला कोणताही नंबर फिरवू शकला असता. याला बंदी होती. इंटरनेटवरून आलेला आवाज देशातल्या टेलिफोनच्या जाळ्यात सोडायचा नाही, असे परिपत्रक होते. ते मीच एकदा कर्मचाऱ्यांना वाचून दाखवले होते.

बंदी मोडणाऱ्याचे काय होते, तेही मी पाहिले होते. बाजारातल्या एका दुकानावर तपासणी झाली, तेव्हा खात्याचा माणूस म्हणून पंचनाम्याला मला उभे केले होते. यंत्रे पांढऱ्या कापडात शिवून त्यांवर लाख ओतली गेली. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला गेला तो नातेवाइकांविषयी: कोण कुठे आहे, कोण कुठे नोकरीला आहे.

"पोरगा आपल्यासंग बोलते, मंग मायसंग काहून नाई?" पत्नीने एक दिवस विचारले. तिची आई, माझ्या सासूबाई, सिहोऱ्याला राहत. त्यांच्याकडे साधी जुनी लाइन होती. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत त्यांच्याजवळच वाढला होता.

"मोबाइलवरून करावा त्याने," मी म्हणालो.

"करते ना. माय 'कोन? कोन?' करते, अन् तेवढ्यात कटते. तुमी येवढे टेलिफोनवाले, अन् आपल्याच घरचा तार जोडता येत नाई?"

"जोडता येते. जोडायची नसते."

"म्हंजे येत नाई," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

आठ दिवसांनी मी तिसरी खाच जोडली. मुलाला बाहेरून पेटीपर्यंत पोहोचता यावे म्हणून मोडेममध्ये एक वाट उघडून दिली. पेटीला पासवर्ड घालण्याची सोय होती; ती जागा रिकामी ठेवली. मी तांब्याच्या तारेवर वाढलेला माणूस. तारेला दोनच टोके असतात, आणि डिरेक्टरीत न छापलेला नंबर कोणाला सापडत नाही, हे माझ्या अंगवळणी पडले होते. आमच्या पेटीचा पत्ता मुलाखेरीज कोणाला माहीत असणार, असे मी धरून चाललो. चूक तिथे झाली.

पहिला फोन रविवारी दुपारी झाला. समोरच्या खोलीतले दुसरे यंत्र थेट लाइनवर होते; लाइनवरचे बोलणे त्यात ऐकू येई. पत्नीने ते उचलून कानाला लावले. सासूबाईंचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला.

"आयकू येऊन रायलं रे बापू! कोठून बोलून रायला तू?"

"मस्कतहून, आजी."

"खोटं नोको बोलू! तुमसरच्या स्टँडवर उतरला असशीन. भात टाकू का?"

पत्नी हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. मी उठून अंगणात गेलो.

असे दोन महिने चालले. मग एका दुपारी तीनच्या सुमारास पेटीवरचा लाइनचा दिवा लागलेला दिसला. पत्नी शेजारी पापड लाटायला गेली होती. मुलगा त्या वेळी कामावर असे. दुपारी तो कधीच फोन करत नसे. मी समोरच्या खोलीतले यंत्र उचलले.

एक पुरुष हिंदीत विचारत होता, छपराचे पत्रे बसवले का. बाईने सांगितले, दोन राहिले आहेत, मिस्त्री येत नाही. दोघांचेही आवाज माझ्या ओळखीचे नव्हते. मी यंत्र हळूच खाली ठेवले.

टेस्ट डेस्कवर एक रीत होती. लाइनवर हेडसेट लावायचा, कोणी बोलत आहे एवढे कळले की काढून घ्यायचा. जे कानावर पडले ते पडले नाही असे धरायचे. आणि लाइन तोडायची असली, मग ती कोणत्याही कारणाने असो, बोलणे संपेपर्यंत थांबायचे. चालू बोलण्यावर कात्री चालवणारा माणूस आमच्यात हलका समजला जाई. मी त्या रीतीने वागायचे ठरवले. बोलणे संपेल, दिवा विझेल, मग वायर काढू.

दिवा विझला आणि माझा हात वायरपर्यंत पोहोचण्यापूर्वी पुन्हा लागला. मी पुन्हा यंत्र उचलले. या वेळी भाषा मला येत नव्हती. एक माणूस आकडे सांगत होता, इंग्रजीत, एकेक करून. दुसरा ते परत म्हणत होता. मध्येच पहिल्याने एक आकडा दुरुस्त केला. हसला. पुन्हा आकडे. ते कशाचे होते हे मला आजही माहीत नाही. कोणाचा तरी बँकेचा क्रमांक असेल, गाडीचा असेल. पण माझ्या घरापासून थोड्या अंतरावर काटेरी तारेचे कुंपण होते, आत दारूगोळा बनत होता, आणि माझा जावई रोज सकाळी पास दाखवून त्या फाटकातून आत जात होता. त्या फाटकाबाहेर, त्याच्या सासऱ्याच्या नावावरच्या लाइनवर, परदेशातले अनोळखी लोक एकमेकांना आकडे सांगत होते.

मी खुर्चीवर बसून दिव्याकडे पाहत राहिलो. आकडे संपले, तिसरे बोलणे सुरू झाले. मग चौथे. मध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ नव्हता. चाळीस मिनिटे मी लाइन मोकळी होण्याची वाट पाहिली. रस्त्यावर कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला तेव्हा मी दचकून उभा राहिलो आणि वायर ओढली. पलीकडे कोणी बोलत होते. मधल्या शब्दावर तुटले.

त्यानंतर मोडेमची नोंद उघडून पाहिली. बाहेरून कोणी कोणी आत येण्याचा प्रयत्न केला, त्याची यादी त्यात राहते. यादी संपेना. ज्या दिवशी मी वाट उघडली त्याच दिवशी, तीन तासांच्या आत, पहिल्या परक्याने दार ठोठावले होते. त्यानंतर दर थोड्या मिनिटांनी कोणी तरी. सतरा दिवसांपासून ते आत होते. कोणी तरी माझी लाइन आपली म्हणून लोकांना वापरायला देत होता. मी दुपारी जेवत होतो, वर्तमानपत्र वाचत होतो, आणि ते आत होते.

पत्नीला एवढेच सांगितले की पेटी बिघडली.

पुढचे पाच दिवस महामार्गावरून जीप आत वळली की मी दाराशी जाई. सहाव्या दिवशी खरोखरच फाटक वाजले. आमच्या भागाचा लाइनमन होता. खांबावर चढायला मीच त्याला शिकवले होते. सायकल भिंतीला टेकवून तो आत आला आणि त्याने आधी पेटीकडे पाहिले.

"साहेब, तुमच्या लाइनवर लई ट्राफिक दिसलं म्हने. मोठ्या साहेबानं पाह्यले धाडलं."

"काय दिसले?"

"दिवसभर लाइन बिझी. म्या म्हटलं, म्हतारा-म्हतारी दोघं, भांडले तरी येवढे बोलत नाईत." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने हसणे आवरले. "साहेब, मी लिहून देतो. लाइन शॉर्ट होती, बुरशी लागली होती, साफ केली. झालं. पेटी गोदरीत बांधा अन् माळ्यावर टाका."

गोदरी म्हणजे गोधडी. त्याने सगळे ओळखले होते.

"आणि उद्या कोणी वरून लाइनीच्या वापराचे आकडे मागवले तर?"

"कोन मागवते साहेब?"

"मागवले तर तुझ्या सहीचा कागद खोटा ठरेल."

त्याने नखाने भिंतीचे प्लॅस्टर कुरतडले. "तुमी मले लाइनीवर चढवलं, साहेब. येवढंही नाई करावं का म्या?"

"चढवले ते खाली पाडण्यासाठी नाही. काही लिहू नकोस. उद्या मी स्वतः येतो."

तो गेल्यावर पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"लिहून देऊन रायला होता तो," ती म्हणाली.

"हो."

"मंग?"

मी सांगितले की अर्ज लिहीन, जे केले ते लिहीन, पेटी जमा करीन.

"अन् जवाईबापू? त्यांची नवकरी कोठची हाये, मालूम हाये ना तुमाले? तुमचं खरं बोलनं व्हईन, अन् पोरीचा संसार रस्त्यावर येईन." तिचा आवाज चढला नाही. म्हणून अधिक वाईट वाटले. "म्याच म्हटलं होतं तार जोडा म्हनून. माह्यं नाव लिहा."

"जोडणारा मी आहे."

अर्ज लिहायला तीन तास लागले. चार वेळा फाडला. माझ्या डोळ्यांपुढे पांढरे कापड आणि लाख येत होती. आकडे सांगणारा तो माणूस लिहावा की नाही, यावर मी सर्वांत अधिक वेळ अडलो. न लिहिता चालले असते. तो फक्त मी ऐकला होता. शेवटी लिहिला.

अर्ज देण्यापूर्वी जवाहरनगरला गेलो. जावई पहिल्या पाळीवरून नुकते आले होते, बूटही काढले नव्हते. मुलीने पाणी आणले. मी उभ्यानेच सगळे सांगितले आणि अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन वेळा वाचला.

"मामाजी, याच्यात माह्यं नाव नाई."

"नाही."

"कोनी इचारलं तर?"

"विचारले तर सांगावे लागेल."

त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्याकडे परत दिली आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच होते. मुलगी कपबशा घेऊन दारात थांबली, पुढे आली नाही.

"पुढच्या महिन्यात माह्यं पोलीस व्हेरिफिकेशन हाये, मामाजी," ते खालूनच म्हणाले. "नव्या सेक्शनसाठी."

हे मला माहीत नव्हते. मी चहा न घेता निघालो. बसच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो. घडी घातलेला कागद खिशात होता आणि तो अजूनही फाडता येण्याजोगा होता, हा विचार भंडाऱ्यापर्यंत सोबत आला.

अर्ज दिला. टेलिफोन कार्यालयातले अधिकारी माझ्या मुलापेक्षा लहान होते. त्यांनी वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचले. "तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी प्रतीवर शिक्का मारून दिला. चौथ्या दिवशी लाइन तोडली गेली. ती तोडायला तोच लाइनमन आला, आणि खांबावरूनच काम करून गेला. पेटी जमा झाली. पुढे कोणी आले नाही, काही कळवले गेले नाही. असे काही न कळवणे मी खात्यात असताना अनेकांच्या बाबतीत केले होते; त्याची वाट पाहणे काय असते ते मला त्या महिन्यात समजले. पत्नी बोलत होती, पण कामापुरते.

एका दुपारी पोलीस ठाण्याचा शिपाई जावयांच्या व्हेरिफिकेशनसाठी नातेवाइकांची चौकशी करत आमच्याकडे आला. बगलेत फायली, कपाळावर घाम. त्याला बसायला दिले. त्याने जावयाचे नाव वाचले, मी कोण ते विचारले, वागणूक विचारली. मग खालच्या रकान्यापाशी आला.

"घरी टेलिफोन हाये?"

"होता. तोडला."

"काहून?"

पत्नी आतल्या दाराशी आली. मी शिक्का मारलेली प्रत काढून त्याच्यापुढे ठेवली आणि काय झाले ते पहिल्यापासून सांगितले, आकड्यांसहित. त्याने मध्येच लिहिणे थांबवले. प्रत उचलली, उलटसुलट केली, शिक्का पाहिला.

"काकाजी, हे तुमी सोताहून देलं?"

"हो."

"अन् जवाई तेव्हा कोठी होता?"

"कामावर."

त्याने फॉर्मकडे पाहिले. रकाना बोटाएवढा होता. "येवढं सारं लिवाले जागा नाई इथं," तो म्हणाला. मग काही तरी लिहिले. एक ओळ असेल, दीड असेल. चष्मा माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. पाणी पिऊन तो गेला.

सात आठवडे गेले. जावयांना नव्या सेक्शनचा पास मिळाल्याचे मुलीने येऊन सांगितले. ते स्वतः आले नाहीत. पाळी होती, ती म्हणाली. पत्नीने देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर माझ्या हातावर टाकली. शिपायाने त्या ओळीत काय लिहिले होते, हे जावयांनी मला कधी विचारले नाही, आणि मला ते सांगता आले नसते.