एकच नाव सांगणारा फोन

आमच्या ऑफिसात ड्रॉवर उघडला की पेन सापडत नाही, किस्सा सापडतो! जळगावात दोन खोल्यांत मी जाहिरातींचं काम करतो आणि हेमंत माझ्याकडे कामाला आहे. कोणी मोबाईलवर काही शोधलं की आमच्या गिऱ्हाइकाचं दुकान यादीत सगळ्यात वर दिसावं, एवढीच आमची विद्या. लोकांनी टाइप करणं सोडून फोनला तोंडी विचारायला सुरुवात केली आणि या विद्येची पार वाट लागली. फोन बोलून उत्तर देतो, यादी दाखवतच नाही. मग जाहिरात चिकटवायची कुठं? त्याच्या तोंडाला?

*

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पहूरचे नाना. त्यांची केळीच्या रोपांची नर्सरी. आमचं ऑफिस निम्मं त्यांच्याच जिवावर चालतं.

नानांची एक सवय होती. सकाळी पूजा आटोपली की मोबाईलवर 'केळीची रोपं' शोधायचे, वर आपली जाहिरात दिसली की समाधानानं तिच्यावर बोट दाबायचे. मग सुनेला, मुलाला, गड्यालाही दाबायला लावायचे.

मी म्हटलं, "नाना, प्रत्येक वेळी दाबलं की तुमचेच पैसे कापले जातात!"

"अरे भो, रोज शटर उघडून पाह्यल्याशिवाय दुकान चालू हाय हे मले कसं कळंल?"

महिन्याच्या रिपोर्टात या दाबण्यापुढं आम्ही 'ग्राहकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहायचो.

*

धुळ्याच्या अक्कांची खानावळ भरितासाठी प्रसिद्ध. त्यांची जाहिरात पुढं चालू ठेवावी म्हणून हेमंत त्यांना समजवायला गेला.

अक्कांनी त्याच्यासमोरच फोनला विचारलं, "धुळ्यात चांगलं भरीत कुठं मिळतं?"

फोननं चक्क कृती वाचायला घेतली! वांगी भाजा, सोला, मिरच्या ठेचा... अक्का शेवटपर्यंत कान देऊन ऐकत होत्या.

"हाई मना गिऱ्हाईकले घरमाच रांधाले शिकाडी ऱ्हायनं! आनि तेल बी कमी सांगस!"

गिऱ्हाइकं घरीच रांधायला शिकली तर खानावळीत कोण येणार? जाहिरात त्याच दिवशी बंद झाली. हेमंत पोटभर भरीत खाऊन परत आला.

*

मी घाबरून मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे मी, हेमंत आणि दोन प्लेट पोहे. आपली स्वतःची काय अवस्था आहे ते तरी बघू, म्हणून फोनला विचारलं, "जळगावात जाहिरातीसाठी चांगली एजन्सी कोणती?"

फोननं हेमंतच्या जुन्या एजन्सीचं नाव घेतलं. ती कधीच बंद पडली. बंद पडली म्हणून तर हा माझ्याकडे आला!

हेमंतनं तोंडातले पोहे गिळले. "बघा साहेब, बंद पडूनही मी तुमच्या वर आहे. पगाराचं बघा जरा."

*

आणि मग एका सोमवारी नाना स्वतः ऑफिसात आले. खुर्चीवर बसायच्या आधी फोन तोंडासमोर धरून त्यांनी विचारलं, "पहूरजवळ केळीची चांगली रोपं कुठं मिळतात?"

फोननं आबांच्या नर्सरीचं नाव सांगितलं. आबा म्हणजे नानांचे व्याही! नानांची मुलगी त्यांच्या घरात दिलेली. त्याच रस्त्यावर नानांच्या दोन किलोमीटर अलीकडे त्यांची नर्सरी.

"व्याह्याची जाहिरात कोन करतं?"

"कोणीच नाही, नाना. फोन फुकटच सांगतोय."

"आन् दुसऱ्या नंबरवर कोन हाय?"

"दुसरा नंबर नसतोच. तो एकच नाव सांगतो."

नानांनी फोन खिशात टाकला. "मग आपली जाहिरात बंद करा."

खरं सांगतो, नाना गेले की ऑफिसला कुलूपच लावायचं होतं.

नाना दारापर्यंत गेले आणि वळले. "आन् मले एक पेंटर पाहून द्या."

तिसऱ्या दिवशी आबांच्या फाटकासमोरच्या गोदामाची अख्खी भिंत पिवळी झाली. वर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: 'फोननं सांगितलं म्हणून इथवर आलात? बरं केलंत! आता दोन किलोमीटर पुढे या. नाना वाट बघताहेत.' मजकूर माझा. कोपऱ्यात आमच्या ऑफिसचा नंबर हेमंतनं मोठ्या हौसेनं टाकलेला.

त्याच संध्याकाळी त्या नंबरवर आबांचा फोन आला.

"माझ्या दारासमोरची भिंत कोनी रंगवली?"

व्याह्या-व्याह्यांत भांडण लावून दिलं, आता पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागणार, असं काय काय मनात येऊन गेलं. पण भिंतीवर नंबरच आमचा होता, नाही कसं म्हणणार?

"आम्हीच रंगवली, आबा."

आबांनी घसा खाकरला.

"अक्षर झ्याक हाय. नानाच्या दारासमोर एखादी भिंत मोकळी हाय का?"