पितृपक्षातलं मोकळं शहर

जबलपूर बघायचं असेल तर पितृपक्षात यावं आणि एकट्यानं यावं. लोक म्हणतात हे दिवस वाईट. इकडचे हिंदीवाले या पंधरवड्यात साधा रुमालसुद्धा विकत घेत नाहीत. म्हणून तर बाजार मोकळा असतो. दुकानदार गल्ल्यावर माश्या मारत बसलेला असतो, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला धक्का देण्याऐवजी बसायला स्टूल देतो.

मी बरगीला राहतो. धरणावर वेल्डिंग केलं आणि तिथंच म्हातारा झालो. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, त्या असू द्या. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा जबलपुरात कांचघरला राहतो, फॅक्टरीत नोकरीला आहे. सून इथलीच, हिंदी घरातली, पण मराठी तिला सगळी समजते. दोघं चांगली आहेत. पण आईचं वर्षश्राद्ध झालं तसं दोघांनी एकच धरून ठेवलं की बरगीच्या घराला कुलूप लावा आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहा.

"बाबा, तिथं एकटे काहून राहता तुम्ही? काही झालं तर?"

"झालं तर होईल. तुझ्या मागच्या खोलीत काही होत नाही का?"

शेवटी ठरलं की अविधवा नवमी कांचघरला करायची आणि त्यानंतर मी तिथंच राहायचं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं. मी म्हटलं, नवमीचं सगळं सामान मी आणीन, एकटा जाऊन. नीट आणलं तर मी परत बरगीला जाणार. नाही जमलं तर किल्ली तुझ्या हातात. तो हसला. "चलो, ठीक आहे." हा माणूस साडी-बांगड्या काय आणणार, असं त्याला वाटलं असेल.

ही नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. एका सवाष्णीला जेवू घालायचं, साडी, खण, हिरव्या बांगड्या देऊन तिची ओटी भरायची. आमच्याकडे नवरा आहे तोवरच ती करतात, नवरा गेला की बंद. म्हणजे काम माझं. मुलाच्या गाडीवर मागं बसून करण्यासारखं ते नाही.

आदल्या दिवशी सकाळच्या बसनं निघालो. आता ऐका, शहरात एकट्यानं जायचं तर पहिली गोष्ट, शेवटपर्यंत बसमध्ये बसून राहायचं नाही. मी तिलवाऱ्याला उतरलो. खाली घाटावर गेलो, चपला काढल्या, नर्मदेत पाय सोडून बसलो. पाणी गढूळ होतं पण गार होतं. बरोबर माणूस असला की तो विचारतो, किती वेळ बसायचं? एकट्याला कोणी विचारत नाही. पाय सुरकुतले तेव्हा उठलो.

दुसरी गोष्ट, दाढी घरी करायची नाही. शहरात फुहाऱ्याजवळ, म्हणजे कारंज्याच्या चौकात, एका न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्यानं सावकाश केली. साबण दोनदा लावला. मग न विचारता डोकं दाबायला लागला.

"बाबूजी, गर्दन बहुत अकड़ी हुई है."

"अकड़ने दे. तू दबा."

एकट्या राहणाऱ्या माणसाला दिवसचे दिवस कोणाचा हात लागत नाही. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगून राहिलो. न्हाव्याकडे जा. डोळे मिटून बसा. डोळ्यांतून पाणी आलं तर साबण गेला म्हणायचं.

तिसरी गोष्ट, पोट. पोळी-भाजी घरी मिळतेच. शहरात आल्यावर खोव्याची जिलबी खायची, ती काळपट, जाड, पाकानं जड झालेली. कढईच्या शेजारी उभं राहून, गरम. आम्ही दोघं असलो की एक घ्यायची आणि अर्धी-अर्धी करायची, तिला गोड चालत नव्हतं तरी. या वेळी पहिल्यांदा पूर्ण खाल्ली. बोटं चाटली. मग अजून एक घेतली. बरं वाटलं का? वाटलं. खोटं काहून बोलू?

तिथून सराफ्यात. सोनं घ्यायचं नसेल तर सराफ्याइतकी चांगली जागा नाही. एका गल्लीत एक सोनार फुंकणी घेऊन बसला होता, कोणाचं तरी पैंजण जोडत होता. मी उभा राहिलो.

"कुछ लेना है, बाबा?"

"नहीं. देखना है."

"देखो. देखने का कुछ नहीं लगता."

मी जन्मभर लोखंड जोडलं, मोठ्या ज्वाळेनं, तोंडावर पत्रा धरून. हा नाकाच्या टोकाशी ज्योत नाचवून राहिला होता. चांदीचा थेंब पळतो कसा, बसतो कसा, ते बघण्यात अर्धा-पाऊण तास गेला. मी त्याला माझ्या हातावरचे जुने चटके दाखवले. त्यानं त्याचे दाखवले. चहा आला. आमचं बोलणं एवढंच, पण असं बोलणं मला महिन्यात मिळालं नव्हतं.

मग साडी. हे काम मी आजवर केलंच नव्हतं. बायको आत जायची आणि मी पायरीवर बसायचो. एवढा वेळ आत काय करते, असं वाटायचं. आता कळलं. गादी असते, पंखा असतो, एक माणूस तुमच्यासमोर रंग उलगडत बसतो आणि कशालाही नाही म्हणायची तुम्हाला सूट असते. मी पुष्कळ वेळा नाही म्हटलं. शेवटी हिरवी घेतली, जांभळ्या काठाची. तिनं ती नापसंत केली असती. जांभळा तिला आवडत नव्हता. पण बाजारात मी होतो, म्हणून माझ्या आवडीची घेतली.

बांगड्यांचं दुकान एका बाईचं होतं. माझ्याएवढी म्हातारी नाही, पण केस पिकलेले. हिरव्या बांगड्या पाहिजेत म्हटल्यावर तिनं मला खालून वर बघितलं.

"पितर चल रहे हैं बाबूजी, अभी हरी चूड़ी कौन पहनता है?"

"हमारे में पहनते हैं."

"किसके लिए?"

आता हिला नवमी, सवाष्ण, ओटी हे सगळं समजावत कुठं बसू? तोंडातून जे नेहमी निघायचं तेच निघालं. "घरवाली के लिए."

"साइज़?"

साइज मला कुठं माहीत? मी अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवलं. रस्ता ओलांडताना, बसमध्ये चढताना मी तिचा हात असाच धरायचो. बाईनं माझ्या बोटांच्या आत एक बांगडी सरकवून बघितली. बरोबर बसली.

"सवा दो. नाज़ुक हाथ है."

"हो," मी मराठीतच म्हटलं.

मी खूश होऊन निघालो. साडी, खण, बांगड्या, सगळं सामान पिशवीत होतं. दुपारी एका बागेत बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपलो. हीसुद्धा शहरात करायची गोष्ट आहे. गावात बाकावर झोपलात तर चार जण उठवतात, तब्येत विचारतात.

संध्याकाळी कांचघरला पोचलो तर मुलगा दारातच उभा.

"फोन बंद काहून होता?"

"फोन बंद होता. मी चालू होतो ना."

"मी स्टँडवर जाऊन आलो, बाबा! दोन बस बघितल्या!"

"मी तिलवाऱ्याला उतरलो होतो."

"तिलवाऱ्याला काय होतं?"

"पाणी."

सुनेनं हसू दाबलं आणि पिशवी आत नेली. साडी बघून म्हणाली, "बाबूजी, छान आहे हो." मी मुलाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी नवमी. गुरुजी येऊन गेले, पिंड झाले, स्वयंपाक तयार होता. सवाष्ण म्हणून शेजारची रेल्वेतल्या कारकुनाची बायको सांगितली होती. भंडाऱ्याकडची, अंगानं चांगली भरलेली, तोंडानं मोकळी. ती पाटावर बसली, सुनेनं बांगड्या पुढं केल्या. बाईनं एक हातात घातली. ती बोटांच्या सांध्याच्या पुढं जाईना. साबण लावला, तेल लावलं.

"काका, कोणाच्या मापाच्या आणल्या या? माझ्या नातीला होतील!"

मग कोणाच्या मापाच्या ते तिला समजलं आणि तिनं ती बांगडी जपून काढून ठेवली. सुनेनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. मी मात्र रडलो नाही. मला राग आला, स्वतःचा. जेवायला येणार ही बाई आणि मी बाजारात माप दिलं दुसऱ्याच हाताचं.

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, म्हणून म्हणत होतो. जाऊ द्या. ओटीत ठेवून देऊ तशाच, कोण बघून राहिलं?"

हे बोलणं प्रेमाचं होतं. पण त्यात बरगीच्या घराचं कुलूप होतं, ते मला ऐकू आलं.

"ज्या होत नाहीत त्या द्यायच्या नाहीत," मी म्हटलं. "बाई, तुमच्या हातातली एक काढून द्या. तुम्ही बसा, गप्पा मारा, मी आलो."

"मी गाडी काढतो," मुलगा उठला.

"तू बस. ठरलं काय होतं आपलं? नीट आणायचं ठरलं होतं. अजून पान वाढलं नाही. अजून वेळ आहे."

"काका, जाऊन या," ती बाई म्हणाली. "मला काय घाई आहे? घरी गेली की भांडी घासायचीच आहेत."

रिक्षा करून गेलो. बांगडीवालीनं लगेच ओळखलं.

"क्या हुआ, घरवाली को नहीं आईं?"

"घरवाली डेढ़ साल पहले चली गई."

तिचा हात जागच्या जागी थांबला. "तो कल क्यों नहीं बताया?"

"कल आपने साइज़ पूछा था."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. म्हणाली, तिच्या नवऱ्याला जाऊन खूप वर्षं झाली, पण अजून चहा ठेवताना पाणी जास्त पडतं. शेजारणीची बांगडी मापाला लावली, पावणेतीनच्या निघाल्या. एकेक टिचकी मारून वाजवून बघून कागदात बांधून दिल्या. सवादोनच्या त्या तिनं परत घेतल्या आणि जिथून काढल्या होत्या त्याच दांड्यावर लावल्या. वाटलं, एखादी ठेवून घ्यावी. नाही ठेवली. घरी ठेवून तिचं काय करणार होतो? दांड्यावर राहिली तर दिवाळीत कोणीतरी घालेल.

परत आलो तेव्हा भात अजून गरम होता. बांगड्या चढल्या. थोडी ओढाताण झाली, बाई दोनदा ओरडली, "आई गं," पण चढल्या. तिनं हात वर करून बांगड्या किणकिणवून दाखवल्या आणि म्हणाली, "घ्या काका. आता वाढा, मला लई भूक लागली." ती पोटभर जेवली. खीर दोनदा मागितली. जाताना मी तिला नमस्कार केला, वयानं मी मोठा असूनही, कारण त्या दिवशी ती पाटावर दुसऱ्याच कोणाच्या जागी बसली होती.

पानं उचलल्यावर मी पिशवी घेतली. मुलगा बघत होता.

"निघालेच का?"

"निघालो. नीट आणलं की नाही?"

"दुसऱ्या फेरीत आणलं."

"पहिल्याच फेरीत आणायचं असं कुठं ठरलं होतं?"

तो स्टँडवर सोडायला आला. तेवढं मी येऊ दिलं. गाडीवर मागं बसलो तर माझा हात त्याच्या खांद्यावर गेला, आपोआप. बस लागली तेव्हा तो म्हणाला, "अच्छा बाबा, दिवसभर एकटे करता काय तुम्ही? कंटाळा नाही येत?"

मी त्याला न्हावी सांगितला, जिलबी सांगितली, सोनार सांगितला. बाकावरची झोप सांगितली. तो ऐकत होता, जसं लहानपणी धरणाच्या गोष्टी ऐकायचा.

"पुढच्या वेळी कुठं जाणार?"

"ग्वारीघाटला. नावेत बसून पलीकडे जायचं आणि त्याच नावेतून परत यायचं."

"पलीकडे काय काम आहे?"

"काहीच नाही."

ड्रायव्हर चढला, बस थरथरली. तो खिडकीखाली उभा राहून वर बघून राहिला होता. मग थोडं लाजून म्हणाला, "मी येऊ का नावेत?"

मी विचार केला. एकट्यानं जाण्यात जी मजा आहे ती आहेच. पण नाव मोठी असते.

"सुट्टी काढ," मी म्हटलं. "आणि किती वेळ बसायचं ते विचारायचं नाही."