गुलमोहराखालची गाडी

मे महिन्यातला दुसरा रविवार. हजर: मी, माझे मिस्टर, समोरच्या ताई आणि ज्याच्या अंगणात तो गुलमोहर आहे, तो आमचा शेजारी.

वडपे गावातली जमीन गोदामांना देऊन त्याने इथे कामतघरला वडिलांच्या जुन्या जागेवर बंगला बांधला. बोलताना तो बोटात गाडीची चावी फिरवतो, आणि कुठल्याही तक्रारीला त्याच्याकडे एकच उत्तर असतं. भिंतीला तडा गेला, "विमा हाय." टाकी फुटली, "विमा हाय." गुलमोहराचं खोड आतून पोकळ झालंय, तो आमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यांवर झुकलाय आणि तिथेच सासूबाईंची खाट आहे, हे मी पुन्हा सांगितलं, तेव्हाही तेच.

"वहिनी, टेन्शन कशाला घेता? घराचा विमा हाय माझा."

"तुमच्या घराचा ना? झाड आमच्यावर पडणार आहे, भाऊ."

"न्हाय पडत! माझ्या बापानं लावलेलं, मजबूत हाय."

"मग आजींना तुमच्या बंगल्यात झोपवू का?" ताईंनी विचारलं. तो मोठ्याने हसला.

तेवढ्यात वारा सुटला आणि फांदी करकरली. हसणं अर्धवट टाकून तो पळाला, झाडाखालची आपली गाडी काढून फाटकाबाहेर लावून आला. धापा टाकत पुन्हा म्हणाला, "मजबूत हाय."

सासूबाईंची खाट आम्ही तेव्हाच पुढच्या खोलीत आणली. झाड तोडायच्या परवानगीसाठी पालिकेच्या अर्जावर मालकाची सही लागते. अर्ज मी भरून ठेवला आहे. सही अजून व्हायची आहे.