आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

दुपारी टीव्हीवर तो जुना काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा लागला. तीच ती गाजलेली जोडी, सिनेमाभर कडाकडा भांडणारी आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकमेकांच्या गळ्यात पडणारी. माझा अंगठा आपोआप रिमोटवर गेला आणि मी आवाज बंद केला.

आमची ती पद्धतच होती. त्यांचं भराभर इंग्रजी आम्हा दोघांनाही झेपायचं नाही. एकदा हे वैतागून म्हणाले, "आवाज हवाय कशाला? आपणच बोलू." तेव्हापासून नायकाचं हे बोलायचे आणि नायिकेचं मी. रेशमी झग्यातल्या त्या बाईच्या तोंडी मी आमच्या घरातली भांडणं घालायचे. "पुन्हा कोथिंबीर विसरलात ना?" असं मी विचारलं, की हे नायकाच्या ऐटीत म्हणायचे, "बाईसाहेब, तुमची आठवण आली आणि मंडईच विसरलो!" एरवी असलं काही ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. काही माणसांना प्रेमाचं बोलायला उसनं तोंड लागतं. पडद्यावर ती हसायची, तेव्हा इकडे मीही हसत असायचे.

हे गेले, त्याला वर्ष होत आलं. आज पडद्यावर ती दार उघडून कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सवयीने मी म्हणाले, "पुन्हा कोथिंबीर विसरलात ना?"

नायकाने हॅट काढली. त्याचे ओठ हलले, बराच वेळ हलत राहिले. ती खळखळून हसली.

तो काय म्हणाला, ते आज फक्त तिलाच कळलं.