मिस्त्री आणि जिन्यावरचं भूत

मिस्त्री पहिल्यांदा आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये आले, तेव्हा वजनकाट्यावर उभं राहण्याआधी त्यांनी बेसिनचा नळ सोडून पाहिला, पुन्हा बंद केला आणि मला सांगितलं, "वायसर गेलाय." मी तिथला टेक्निशियन. सुया टोचणं आणि मशीनवर लक्ष ठेवणं हे माझं काम. नळाची तक्रार माझ्याकडे करणारा हा पहिलाच पेशंट.

सगळा जन्म प्लंबिंगमध्ये गेलेला माणूस. पन्नाशी उलटली आणि दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आता आठवड्यातून तीनदा यायचं, खुर्चीत पडून राहायचं, शरीरातलं रक्त मशीनमधून फिरून साफ होऊन परत येईपर्यंत हात हलवायचा नाही. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. लोकांच्या घरी पाणी पोचवलं आणि आपल्यावर घोटाघोटाची पाळी आली, असं ते सुरुवातीला हसत सांगायचे. पुढे पुढे सांगेनासे झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याकडे राहायचे. सोबतीला वहिनी यायच्या. त्या एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करत. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या.

मिस्त्रींच्या उजव्या हाताला निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणायचे. पलीकडे बँकेतली एक तरुण कॅशियर. समोर भिंतीवर टीव्ही. त्यावर काय लावायचं यावरून रोज कटकट व्हायची. शेवटी सिस्टरनी आपल्या मोबाइलवरून एक मालिका जोडून दिली आणि नियम घातला, एका वेळी एकच भाग, आणि घरी जाऊन पुढचं कुणी बघायचं नाही.

मालिका भुताची होती, पण भूत काही घाईत नव्हतं. एक बाई जुन्या घरात भाड्यानं राहायला येते. वरचा मजला कुलूपबंद. तरी संध्याकाळी वरचा नळ आपोआप सुरू होतो आणि जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे उमटतात. गंमत अशी, की दर भागात ते ठसे फक्त एकच पायरी खाली येतात. बाकीचा वेळ ती बाई कपड्यांच्या घड्या घालते, खिडकीत उभी राहते, कान देऊन ऐकते.

कॅशियरला हे अजिबात सहन होत नसे. तिचं म्हणणं, आमच्या बँकेतली लाइनसुद्धा याहून लवकर सरकते. मिस्त्रींचं मत पहिल्या भागापासून पक्कं होतं. हे भूत नव्हेच, टाकीचा व्हॉल्व्ह नादुरुस्त आहे, आणि घरमालक खर्च टाळतोय. बाई मात्र एकेक प्रसंग चवीनं बघायच्या. त्या म्हणायच्या, अंगावर येऊन 'भॉक' केलं की माणूस दचकतो, घाबरत नाही, घाबरवायला सवड लागते. यावर मिस्त्री म्हणाले, सवड तर आपल्याकडे भरपूर आहे, आणि बऱ्याच दिवसांनी तिघंही एकदम हसले.

मग एकदा मिस्त्री आले नाहीत.

वहिनींचा फोन आला, भाऊजी थकलेत, आज नको म्हणतात. पुढच्या वेळी आले ते पायांना सूज आणि छातीला धाप घेऊन. चुकवलेल्या डायलिसिसचं पाणी अंगात साठलं होतं. डॉक्टरांनी समज दिली, मिस्त्रींनी मान हलवली. सुई काढताना मात्र मला हळूच म्हणाले, "यापुढे माझी खुर्ची धरून ठेवू नका. दुसऱ्या कुणाला द्या." मी वहिनींना विचारलं, घरी काही झालं का. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणाल्या, की भाऊजी आताशा घरात बोलत नाहीत, जेवायला हाक मारली तर येऊन बसतात, तेवढंच.

पुढच्या खेपेला खुर्ची पुन्हा रिकामी. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी फोन केला, मिस्त्री 'बघतो' म्हणाले आणि फोन ठेवला. मालिका सुरू झाली, ठसे एक पायरी उतरले. भाग संपल्यावर बाईंनी मोकळ्या हातानं स्वतःच फोन लावला. मला वाटलं, आता तासभर उपदेश होणार. शाळेत जन्म काढलेल्या त्या. पण त्या अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, आज मालिकेत एक प्लंबर आला होता. हत्यारांची पिशवी घेऊन वर गेला. अजून खाली आलेला नाही."

पलीकडून मिस्त्रींनी काहीतरी विचारलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "एकटाच होता हो. वय साधारण तुमच्याएवढं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मालिकेत प्लंबर वगैरे कुणीही आलेला नव्हता. कॅशियर आ वासून बघत राहिली. बाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते वहिनींनी मला नंतर सांगितलं. मिस्त्रींनी कित्येक दिवसांनी आपणहून तोंड उघडलं. "वहिनी, तुम्ही बघता का ते भुताचं?" वहिनी आमच्या बाकावर बसून, कानात इअरफोन घालून, मोबाइलवर अख्खी मालिका शेवटापर्यंत बघून बसल्या होत्या. सिस्टरचा नियम आतल्यांना होता, बाहेरच्यांना कुठे? प्लंबरचं ऐकल्याबरोबर त्यांच्या ध्यानात आलं, की कुणीतरी थाप मारली आहे. पण त्यांनी चेहरा कोरा ठेवला. म्हणाल्या, "मी काही सांगायची नाही. तुमचं तुम्ही जाऊन बघा." बाई आणि वहिनी या बाबतीत आधी एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या नव्हत्या.

मिस्त्री आले. सूज होती, धाप होती, पण आले. सुया लागल्यालागल्या त्यांनी टीव्हीकडे नजर लावली. भाग संपत आला तरी प्लंबरचा पत्ता नाही. ते बाईंकडे वळले.

"बाई, तो प्लंबर कुठाय?"

"मागच्या भागात होता."

"मग आज घरात कुणी त्याचं नावही घेत नाही?"

"नळ गळेपर्यंत प्लंबरचं नाव कोण घेतं?"

मिस्त्रींनी सिस्टरना मागचा भाग लावायला सांगितला. सिस्टरनी नियम मोडून लावला. त्यांनी तो डोळ्यांची पापणी न लवता पाहिला आणि शेवटी खुर्चीत मान टेकून असे हसले, की मशीनचा अलार्म वाजला आणि मला धावावं लागलं.

"तुमच्यासारख्या शाळेच्या बाईंनी या वयात खोटं बोलावं?" ते म्हणाले.

बाई टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "मी इथे बरीच वर्षं येतेय, मिस्त्री. शेजारची खुर्ची रिकामी झालेली मी पुष्कळदा पाहिलीय. दर वेळी दुसऱ्या दिवशी तिथे नवं माणूस बसतं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून ओळख काढते. या वेळी मला जमलं नसतं. एवढंच."

मिस्त्रींनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि ते छताकडे बघत राहिले.

बाहेर पडल्यावर वहिनींना त्यांनी बाकावरच थांबवलं आणि मनातलं सांगून टाकलं. छापखान्याचा मालक रजांवरून कुरकुरतोय, असं वहिनी थोरल्या भावाला सांगत असताना मिस्त्रींच्या कानावर पडलं होतं. आपण नसलो तर वहिनींची ओढाताण थांबेल, असा त्यांनी हिशोब घातला होता. वहिनींनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हापासून निवांत बसायला मिळालेली ही एकच जागा. ती पण काढून घ्यायला निघालात?"

मग रस्ताही निघाला. बाई आणि कॅशियर एकाच रिक्षानं यायच्या, तिसरी सीट रिकामीच असायची. मिस्त्री त्यांच्यासोबत येऊ लागले आणि वहिनींची दर खेपेची धावपळ थांबली. तरी शनिवारी कामावरून लवकर सुटून त्या बाकावर हजर असायच्याच. घरी आता जेवताना मालिकेवरून वाद व्हायचे. मिस्त्री आपले अंदाज मांडायचे, शेवट ठाऊक असलेल्या वहिनी मख्ख चेहऱ्यानं भाकरी वाढायच्या. त्यांचा एकही अंदाज कधी बरोबर निघाला नाही.

शेवटचा भाग लागला तेव्हा सिस्टरनी वहिनींनाही आत बोलावलं. ठसे शेवटची पायरी उतरून दारापाशी आले. भूत दिसलंच नाही. मालिकेतल्या बाईनं फक्त कडी काढली, दार उघडलं आणि म्हणाली, "ये." संपलं.

कॅशियर भडकली, याच्यासाठी इतके दिवस घातले का आपण? बाईंना शेवट फार आवडला, त्या डोळे पुसत होत्या. वहिनी म्हणाल्या, मी असते तर आधी जिना पुसून घेतला असता. मिस्त्रींनी व्हॉल्व्हचा मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही, पण दार उघडलं ते बरं केलं, म्हणाले. इतकं चालून आलेल्याला बाहेर उभं ठेवू नये.

पुढच्या वर्षी कॅशियरला तिच्या मावशीची किडनी जुळली. ऑपरेशन नीट झालं. तोंडाला मास्क लावून ती पेढे द्यायला आली आणि दारातूनच हात हलवून गेली. त्या दिवशी मिस्त्री सगळ्यांत शेवटी उठले. दंडावरची पट्टी दाबून धरत डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभे राहिले. किडनीसाठी नाव नोंदवायला ते आजवर नाही म्हणत आले होते, तरुण माणसांना मिळू दे म्हणायचे. आत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "माझंही घाला. उशीर लागला तर लागू दे."

नंबर अजून लागलेला नाही. ते अजून येतात. ज्या दिवशी डायलिसिस नसतं, त्या दिवशी हलकीफुलकी कामं घेतात. परवा सुई लावून घेताना सांगत होते, की आता बाईंच्या घरी नवं बेसिन बसवायचंय, आणि बाई दोन डिझाइनमध्ये अडकून पडल्यात, ठरवायला सवड हवी म्हणतात.