बदकगड

ह्यूस्टनजवळ शुगर लँडला मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचो ते काका काही माझे सख्खे नव्हेत. माझ्या मावशीच्या जावेचे भाऊ. पण टेक्सासमध्ये एवढं नातं म्हणजे सख्ख्याहून जवळचं. त्यात काकूंच्या हातचं वरण. तेव्हा मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला 'माकडा' म्हणायचे, कारण मी मिमिक्री करायचो.

मिमिक्री ही माझी शाळेतली कमाई. बार्शीच्या शाळेत मी हेडसरांचा खोकला असा काढायचो की शेजारचा वर्ग उभा राहायचा. ह्यूस्टनला आल्यावर मंडळाच्या गणपतीत माझा हिट आयटम म्हणजे कुकर. आधी सुळसुळ, मग थरथर, मग शिट्टी. बायका हसायच्या आणि एखादी उठून किचनकडे बघून यायची.

काका तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. बाकी सगळं छान, पण नोव्हेंबर आला की माणूस पोरका व्हायचा. नोव्हेंबरात तिकडे बदकांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. काकांच्या ऑफिसातली झाडून सगळी माणसं, अकाउंट्समधल्या चष्मेवाल्या आजीबाईसुद्धा, शनिवारी पहाटे भाताच्या खाचरांत जाऊन बसायची. सोमवारी लंचला मग फक्त बदकं. कुणाचं कुठून आलं, कुणाच्या कुत्र्याने कसं आणलं. काका मध्ये डबा उघडून भेंडी खात बसायचे.

"यार, लोक माझ्या डोक्यावरून एकमेकांना सॉस पास करतात," ते म्हणायचे. "इतकी वर्षं झाली, एकदा कुणी विचारलं नाही की तू येतोस का."

आणि एका ऑक्टोबरात बॉसने विचारलं. त्याचा आवाज म्हणजे गुळाची ढेप उन्हात ठेवल्यासारखा, लांबत लांबत जाणारा. "पार्टनर, तू कधी बदकं मारलीस का रे तिकडे?"

काकांनी "हो" म्हटलं.

नुसतं "हो" म्हणून थांबायचं ना. पण काका बोलत सुटले. नदीकाठी आमचा स्वतःचा ब्लाइंड होता म्हणाले. ब्लाइंड म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायचा गवताचा आडोसा. तो मीच बांधायचो म्हणाले. खरं एवढंच होतं की लहानपणी आजोळी एका बदकाने काकांना विहिरीपासून देवळापर्यंत पळवलं होतं आणि हाफपँटचं बटण तोडलं होतं. हे काकूंनी मला लग्नाच्या अल्बमसकट सांगितलेलं.

बॉस खूश. त्याचा ब्लाइंड म्हणे वादळात वाहून गेला होता. "मग तूच बांध या वर्षी. रविवारी बघायला येतो. चांगला झाला तर ओपनिंग डेला, सीझनच्या पहिल्या दिवशी, माझ्या शेजारी बसायचं." आणि गोणीभर प्लास्टिकची बदकं काकांच्या गाडीत टाकून गेला. ती पाण्यावर सोडायची. खऱ्या बदकांना वाटतं पाहुणे आधीच आलेत, आपणही उतरू.

घरी तयारी सुरू झाली. काकांनी छातीपर्यंत येणारी रबरी विजार आणली आणि ती घालून ते किचनमध्ये आले. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गटार तुंबलंय का कुठे?"

"शिकारीचा ड्रेस आहे हा."

"बसा तिकडे चिखलात, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या फ्रीजमध्ये एक पीस दिसलं तर मी नागपूरला."

मग काका वर माझ्याकडे. "माकडा, डक कॉल शिकव."

मला वाटलं कॉलिंग कार्ड. मी म्हटलं, "काका, इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, पाच डॉलरमध्ये अर्धा तास बोलता येतं." काकांनी खिशातून लाकडी पिपाणी काढली. ती फुंकली की बदकिणीचा आवाज यायला हवा. काकांनी फुंकली तर म्हशीला उचकी लागल्यासारखा आवाज आला. खालून काकू ओरडल्या, "ओवा देऊ का?"

मी प्रयत्न केला. पण बार्शीत बदक होतं कुठे? मला पुस्तकातलं 'पॅक पॅक' माहीत. मी काढायचो ते बदक दुसरी इयत्ता पास होतं, त्याच्या पुढे शिकलेलं नव्हतं. काकांनी एक सीडी आणली, तिच्यात एक शिकारी तासभर बदकासारखा ओरडायचा. काकांनी गाडीतली भावगीतं काढून ती लावली. कारपूलमधले दोघं तिसऱ्या दिवसापासून आपापल्या गाड्यांनी जायला लागले.

गंमत म्हणजे आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, तळ्यावर खरी बदकं होती. पण ती 'पॅक पॅक' करायचीच नाहीत. लाल चोचीची, लांब पायांची, आणि चक्क शिट्टी मारायची. आमच्या छपरावरच्या धुराच्या चिमणीवर बसून मारायची. काकूंना वाटायचं कुकर झाला, त्या गॅस बंद करायच्या. त्या महिन्यात आम्ही किती वेळा टणटणीत डाळ खाल्ली असेल, देव जाणे.

ब्लाइंड मात्र काकांनी मन लावून बांधला. बॅकयार्डात जाळी उभी केली, तिला गोणपाट, त्यावर मातीचा लेप, वरून गवत खोचलं. मध्ये बघायला चौकोनी भोकं. समोर त्यांच्या पोरीच्या लहानपणीचा डुंबायचा प्लास्टिकचा टब, त्यात बदकं सोडलेली. शनिवारी संध्याकाळी काका त्याच्यापासून दहा पावलं मागे गेले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "येतोय मी ओपनिंग डेला."

रविवारी सकाळी ते रबरी विजार घालूनच बॉससाठी बिअर आणायला गेले.

आता काकांची पोरगी. वय बारा, मराठी समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. मंडळाची दिवाळीची किल्ला स्पर्धा त्याच रविवारी होती. परीक्षक घरोघर फिरणार होते आणि हिने मातीला हातही लावलेला नव्हता. काकूंनी दम दिला तेव्हा ती बॅकयार्डात गेली, ब्लाइंडकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, इट्स ऑलरेडी देअर."

काका परत आले तेव्हा त्यांच्या ब्लाइंडवर भगवा फडकत होता. भोकाभोकांत मावळे, हातात भाले. सगळ्यात उंच टोकावर सिंहासनावर महाराज. पायथ्याशी पणत्या, झेंडूच्या माळा, एक गवळण, एक वाघ आणि गडाच्या नावासाठी एक कोरी पाटी.

"काढ ते. आत्ता काढ. तो येतोय," काका म्हणाले. त्यांचा आवाज खरंच फाटला होता. मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून राहून गेलं.

तेवढ्यात साइड गेटमधून परीक्षक मावशी आल्या, पैठणी आणि स्पोर्ट्स शूज घालून. त्यांच्या मागून, टोपी हातात धरून, बॉस.

मावशी किल्ल्याजवळ वाकल्या. "अगोबाई, अळीव किती दाट उगवलंय. आणि खंदकात बदकं. अशी कल्पना कुणी केली नव्हती हो आजवर." मग पाटी कोरी दिसली म्हणून त्यांनीच पेन काढून तिच्यावर लिहिलं: बदकगड.

बॉस किल्ल्याभोवती एक चक्कर मारून आला. मग त्याने महाराजांकडे बोट केलं. "हा कोण?"

"गडाचे मालक," काकू म्हणाल्या आणि त्याच्या हातात फराळाची ताटली दिली.

काका सरळ पुढे गेले. म्हणाले, ऐक, मी खोटं बोललो. मी कधी बदक मारलेलं नाही. मला एका बदकाने मारलंय. हा लहान मुलांचा किल्ला आहे, आमच्या सणाचा. नदी नाही, ब्लाइंड नाही, काही नाही.

हे सगळं ते त्या रबरी विजारीत उभे राहून बोलले. बॉसने चकलीचा तुकडा तोडला. "मग बदकं बोलावून दाखव," तो म्हणाला. त्याला वाटलं काका लाजतायत.

काकांनी पिपाणी फुंकली. म्हशीची उचकी. मावशी दचकून मागे सरल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी 'पॅक पॅक' काढलं. तळ्यावरून काही हलेना. मग मला एकदम डाळ आठवली. मी गाल फुगवले आणि कुकर लावला. सुळसुळ, थरथर, शिट्टी. काकू सवयीने आत गॅसकडे धावल्या. दुसरी शिट्टी. तिसरीला चिमणीच्या मागून ती सगळी पलटण उठली, शिट्ट्या मारत घरावरून गोल फिरली आणि धपाधप बदकगडाच्या खंदकात उतरली. एक थेट बुरुजावर, मावळ्याशेजारी.

बॉसची चकली तोंडाबाहेर तशीच राहिली. काका माझ्या पाठीमागे उभे होते, कारण पहिलं बदक त्यांच्याच दिशेने चालत आलं होतं.

"कधी मारलं नाही म्हणतोस," बॉस हळूच म्हणाला. "काय गरज आहे तुला बंदुकीची?"

किल्ल्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला अल्फारेटा नावाच्या गावाहून नुकत्याच आलेल्या एका कुटुंबाला गेला, त्यांनी आत लिफ्ट केली होती.

ओपनिंग डेला ट्रक आला आणि अख्खा बदकगड मावळ्यांसकट भाताच्या खाचरात गेला. बॉसनेच हट्ट धरला, लकी आहे म्हणे. फक्त महाराजांना काकूंनी खाली उतरवून देवघरात ठेवलं. काका ती विजार घालून गेले, सोबत चिवड्याचा डबा. त्या चिवड्याचा एवढा कुडकुड आवाज झाला की दुपारपर्यंत एकही बदक जवळ फिरकलं नाही. कुणी चिडलं नाही, सगळ्यांनी मिळून डबाच संपवला होता. सोमवारी लंचला काकांनी भेंडी उघडली तर अकाउंट्सच्या आजीबाईंनी सॉसची बाटली त्यांच्या डोक्यावरून न देता त्यांच्याच हातात दिली, आणि चिवड्यात नक्की काय काय घालतात ते विचारलं.

किल्ला परत आला तेव्हा काकूंनी मावळे मोजले. एक कमी.

"कुठे गेला?"

काकांनी चिवड्याचा डबा घासायला घेतला. पुढच्या आठवड्यात मी त्यांना ऑफिसात सोडायला गेलो तेव्हा पार्किंगमध्ये तो मला दिसला. बॉसच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर उभा होता, भाला रोखून, आणि त्याच्या शेजारी टेकवलेली होती अर्धी चकली.