आईच्या आडोशाचं कुंपण

कुठे कुंपण छाटल्याचा ओला वास आला की माझं डोकं आजही फिरतं. परदेशात, गिरावीन उपनगरातल्या आमच्या घरामागे कुंतीच्या झुडपांचं कुंपण चांगलं पुरुषभर वाढलं होतं, आणि पुण्याहून आलेली आई रोज त्याच्या आडोशाला गाऊनवरच निवांत बसून केसांना तेल लावायची. एका शनिवारी मी शिफ्टवरून आले, तर नवऱ्याने ते कमरेएवढं छाटून टाकलेलं. शेजारी त्याला "गुड जॉब, मेट" म्हणत होता आणि आई पडदे ओढून आत बसली होती. "अगं, उन्हाळ्यात वाढेल परत," नवरा म्हणाला. "आई उन्हाळ्याआधीच पुण्याला परत जाणार आहे, अक्कल आहे का तुला?" मी ओरडले. त्यानंतर आई अंगणात गेलीच नाही. आज आई नाही, कुंपण मात्र पुन्हा डोक्याच्या वर गेलंय, आणि नवऱ्याने ट्रिमर सुरू केला की मी जाऊन प्लग उपटते.